कृत्रिम पेशीतला सांगाडा: उभा राहतो, पण मोडता येतो का?

दर्यापूरचे_मास्तर

प्रयोगशाळेत 'पेशी बनवली' अशा बातम्या अधूनमधून येतात आणि त्यात बहुतेक वेळा डीएनएचंच कौतुक असतं. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने एका जिवाणूचा अख्खा जीनोम प्रयोगशाळेत जोडून दुसऱ्या जिवाणूच्या पेशीत बसवला. २०१६ मध्ये तो छाटत छाटत ४७३ जनुकांवर आणला. काम मोठंच, पण पेशी आयती होती.

मला लिहायचंय ते उलट्या टोकाने निघालेल्यांबद्दल. हे लोक निर्जीव सामानापासून सुरुवात करतात. स्निग्ध रेणूंचा दुहेरी पडदा, जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीचा. त्याची १० ते १०० मायक्रोमीटरची पिशवी करायची आणि आत एकेक प्रथिन भरत जायचं. नुसती पिशवी करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. अँजेलोव्हा आणि दिमित्रोव्ह यांनी १९८६ मध्येच विजेच्या मदतीने अशा पिशव्या फुगवण्याची रीत दिली. पण ती पिशवी गोल असते आणि गोलच राहते. सरकत नाही, लांबत नाही, आपणहून दुभंगत नाही, आणि क्षेत्रफळ चार-पाच टक्के ताणलं की फाटते. आपल्या पेशी हे सगळं निभावतात ते आतल्या सांगाड्याच्या, म्हणजे सायटोस्केलेटनच्या जोरावर.

हा सांगाडा हाडांचा नव्हे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत तो कायमचा बसवलेला दिसतो आणि तिथेच मुलं फसतात. ॲक्टिनचे तंतू ७ नॅनोमीटर जाड. मायक्रोट्यूब्यूल म्हणजे २५ नॅनोमीटरच्या पोकळ नळ्या, बहुधा १३ रांगांच्या. दोन्ही सुट्या प्रथिनांतून जुळतात आणि परत सुट्या होतात. १९८४ मध्ये मिचिसन आणि किर्शनर यांनी दाखवलं की एकाच द्रवात काही नळ्या वाढत असतात, त्याच वेळी शेजारच्या धडाधड कोसळत असतात. लग्नाच्या मांडवासारखं समजा: इथले बांबू सोडायचे, तिथे उभे करायचे, बांबू तेच. फक्त पेशीत हा उद्योग अखंड चालतो आणि त्याची मजुरी एटीपी, जीटीपी या इंधनाच्या रेणूंच्या रूपात द्यावी लागते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कृत्रिम पेशीत काठ्या उभ्या केल्या एवढ्याने सांगाडा झाला असं मी मानत नाही. हव्या त्या वेळी, हव्या त्या जागी त्या मोडता आल्या पाहिजेत. वाद घालायला मोकळीक आहे.


कृषीकेंद्र_पुसद

मास्तर, लिवलं लय भारी. पण हे करून करायचं काय जी? इकडे बोंडअळीनं जीव खाल्ला, सोयाबीनले भाव नाही, अन् हे लोक पिशवीत काठ्या उभ्या करून रायले. पैसा कोनाचा लागते याच्यात?


पिशवीवाला_चिमूर

पैसा बराचसा त्या त्या देशांच्या सरकारांचा. नेदरलँड्समध्ये २०१७ साली 'बेसिक' नावाचा दहा वर्षांचा प्रकल्प सुरू झाला, १ कोटी ८८ लाख युरोंचा, मारिलीन डोख्तेरोम यांच्या नेतृत्वाखाली. जर्मनीत माक्स प्लांक संस्थांचा वेगळा होता. उपयोगाचं विचाराल तर आज शेतावर शून्य. उद्या कदाचित औषध नेमक्या जागी नेणाऱ्या पिशव्या. खरा हेतू मात्र पेशी कशी चालते ते सुटे भाग जोडून समजून घेणं, हाच आहे.

मी मूळचा चिमूर तालुक्यातला. सध्या पुण्यात पीएचडी करतोय आणि या पिशव्याच करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

बाहेरून वाटतं की प्रथिन आत घालणं म्हणजे ओतण्याचं काम असेल. विजेच्या रीतीत खारट द्रव त्रास देतो, आणि ॲक्टिनला तंतू करायला तर मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्षारच लागतात. म्हणून आता बरेच जण गरगर फिरणारं भांडं वापरतात. बाहेरच्या कडेला पाणी, त्याच्या आत तेलाचा थर, मध्ये बारीक नळीतून प्रथिनाच्या द्रावणाचे थेंब. थेंब तेलातून जाताना स्निग्ध रेणूंचा एक पदर अंगावर घेतो, तेल-पाण्याच्या सीमेवर दुसरा. झाली पिशवी. आत सुक्रोज आणि बाहेर ग्लुकोज ठेवतात. आतला द्रव जड, त्यामुळे पिशव्या तळाशी बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्थिर सापडतात. भौतिकशास्त्राचे लोक या कामात एवढे का रमतात ते अशा युक्त्यांवरून कळतं.

मायक्रोट्यूब्यूल ज्याचे बनतात ते प्रथिन, ट्यूब्युलिन, आणखी नखरेल. उणे ८० अंशांत साठवायचं, बर्फावर वितळवायचं. बर्फावर असेपर्यंत नळ्या होत नाहीत. ३७ अंशांवर नेलं की जीटीपी घेऊन जुळायला लागतात. परत थंड केलं की विरघळतात. मास्तर म्हणतात ते 'मोडणं' काचेच्या नळीत कधीच जमलेलं आहे. पिशवीत, आपोआप, वेळेवर मोडणं हे वेगळं दुखणं.


दर्यापूरचे_मास्तर

>> पिशवीत, आपोआप, वेळेवर मोडणं

नेमकं हेच. पिशवीत नळी वाढली की काय होतं ते सांगा ना. वर्गात सांगण्यासारखं आहे.


पिशवीवाला_चिमूर

१९९७ चं काम आहे, फायगेन्सन, मार्को आणि लिबशाबर यांचं. पिशवीत ट्यूब्युलिन घालून ऊब दिली. नळ्या वाढल्या, पडद्याला आतून भिडल्या, आणि गोल पिशवी आधी लांबट झाली, मग तिला दोन्ही टोकांना लांब शेपट्या फुटल्या. त्याच वर्षी डोख्तेरोम आणि यर्क यांनी वाढणाऱ्या एका नळीचा रेटा मोजला: काही पिकोन्यूटन. आकडा क्षुल्लक वाटतो, पण एवढ्या पातळ पडद्याला तो पुरतो.

माझं आवडतं काम २०१४ चं, म्युनिकमधल्या बाउश यांच्या गटाचं. पिशवीच्या आतल्या पृष्ठभागावर मायक्रोट्यूब्यूल दाट पसरले, त्यांच्यात किनेसिनचे गुच्छ सोडले. किनेसिन हे नळीवर ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत चालणारं प्रथिन. त्यांच्या ओढाताणीने सगळ्या नळ्या एकमेकींवर सरकायला लागल्या. गोलावर काठ्या समांतर लावत गेलं तर कुठेतरी जुळणी बिघडतेच, हे गणित आहे. इथे बिघाडाच्या चार जागा तयार झाल्या आणि त्या ठरावीक लयीत फिरू लागल्या. पिशवी थोडी सैल केली की तिचं अंगही त्या लयीत हलतं. बाहेरून कोणी ढकलत नाही. आतलं एटीपी संपलं की थांबतं.


जुना_संशयी

थोडं थंड पाणी ओततो, माफी असावी.

ॲक्टिन सशाच्या मांसातून काढायचं, ट्यूब्युलिन डुकराच्या नाहीतर गायीच्या मेंदूतून, आणि वर म्हणायचं 'कृत्रिम' पेशी? हे म्हणजे जिवंत पेशीचे सुटे भाग चोरून डब्यात ठेवणं झालं. पिशवीने स्वतःचा सांगाडा स्वतः बनवला तर मी टोपी काढीन. तोपर्यंत या बातम्या पाव किमतीला.


पिशवीवाला_चिमूर

काका, आक्षेप रास्त आहे, आणि याच क्षेत्रातले लोक तो एकमेकांवर घेतात.

जनुकावरून प्रथिन बनवणारं सामान पिशवीत घालता येतं. टोकियोच्या शिमिझू आणि उएदा यांनी २००१ मध्ये शुद्ध केलेले घटक मोजून-मापून एकत्र केले आणि पेशीशिवाय प्रथिन तयार करून दाखवलं. पण आपलं ॲक्टिन आणि ट्यूब्युलिन त्यात सहज बनत नाही. या दोघांना नीट घडी पडायला 'सीसीटी' नावाचं एक मोठं मदतनीस प्रथिन लागतं. म्हणून मग लोक जिवाणूंकडे वळले. त्यांच्याकडे एफटीएसझेड आहे, ट्यूब्युलिनचंच दूरचं भावंड, आणि त्याला या मदतनिसाची गरज नाही. ओसावा, अँडरसन आणि एरिकसन यांनी २००८ मध्ये तेच नळीच्या आकाराच्या पिशव्यांत घातलं, तर त्याची आपोआप कडी बनली आणि कडीच्या जागी पिशवी आवळली गेली. जिवाणू दुभंगतो तो याच कडीच्या जागी.

म्हणजे स्वतःचा सांगाडा स्वतः बनवणं अर्धं जमलंय. टोपी अर्धी काढा.


जुना_संशयी

अर्धी टोपी काढली. कडी आवळली म्हणता. पिशवीचे दोन तुकडे झाले का?


पिशवीवाला_चिमूर

त्या प्रयोगात आवळली, तुटली नाही. २०२१ मध्ये श्विले यांच्या गटाने ॲक्टिन आणि त्याला ओढणारं प्रथिन मायोसिन यांच्या कड्या गोल पिशव्यांत करून दाखवल्या, त्याही आकुंचन पावतात. पण कडी मधोमध टिकवून ठेवणं हे मोठं संकट, ती घसरते. आणि दुभंगायचं तर पडदाही वाढायला हवा, नाहीतर एका गोलाच्या पडद्यात त्याच आकारमानाचे दोन गोल बसतच नाहीत.


कपाशी_कळंब

वाचतोय. पोरीच्या पुस्तकात वाचलं का कापसाचा एक तंतू म्हंजे एकच पेशी असते. खरं हाय का? मंग तो एवढा लांब कोनत्या सांगाड्यावर होते?


दर्यापूरचे_मास्तर

खरं आहे. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी फूल उमललं की लांबायला लागते आणि तीन आठवड्यांच्या आसपास अडीच-तीन सेंटीमीटर होते. पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूने मायक्रोट्यूब्यूल असतात, आणि बाहेर सेल्युलोजचे धागे कोणत्या दिशेने विणले जातील ते त्यांच्या रांगांवरून ठरतं. आधी आडवे वेढे, म्हणून पेशी जाड न होता लांब होते. पुढे भिंत जाड करायच्या वेळी नळ्या दिशा बदलतात. एकदा मांडून बसलेल्या काठ्यांना हे जमलं नसतं. यवतमाळ जिल्ह्याची बाजारपेठ या फेरमांडणीवर उभी आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.


लॅबवाली_आरमोरी

मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. मास्तरांचं 'मोडता आलं पाहिजे' वाचून सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आजार, डोक्यात आला. आमच्या भागात तो रोजचा. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लान्सेटमध्ये लिहिलं होतं, म्हणजे इकडे ही गोष्ट नवी नाही.

आता बघा, तांबड्या पेशीत केंद्रक नाही, मायक्रोट्यूब्यूल नाहीत. पडद्याला आतून चिकटलेली स्पेक्ट्रिन या प्रथिनाची षटकोनी जाळी असते, गाठींवर ॲक्टिनचे आखूड तुकडे. एवढ्या भांडवलावर ७-८ मायक्रोमीटरची पेशी प्लीहेतल्या एक-दोन मायक्रोमीटरच्या फटीतून पिळून निघते आणि परत आपल्या आकारात येते. सुमारे १२० दिवस हेच.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून १४ पदरी दोर बनवतं. म्हणजे पेशीच्या आत काठ्या आपोआप उभ्या राहतात, कोणी सांगितलेलं नसताना! सोल्युबिलिटी टेस्टमध्ये आम्ही तेच बघतो: न विरघळणाऱ्या हिमोग्लोबिनने द्रव गढूळ होतो आणि ट्यूबच्या मागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा होतात.

ऑक्सिजन मिळाला की दोर विरघळतात, हे खरं. तरी काही पेशी कोयत्यासारख्या वाकड्याच राहतात. लक्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अशा पेशींचा पडदा आणि हिमोग्लोबिन धुऊन काढलं. मागे उरलेली स्पेक्ट्रिनची जाळीसुद्धा वाकडीच होती. पुन्हा पुन्हा वाकून सांगाडाच तसा बसला होता. मला हे वाचलं तेव्हा फार वेळ दुसरं काही सुचलं नाही.

कृत्रिम पेशीवाल्यांना विचारायचं आहे: स्पेक्ट्रिनच्या जाळीची पिशवी कोणी केली आहे का? नुसत्या लिपिडच्या (स्निग्ध रेणूंच्या) पिशवीपेक्षा मला ती आमच्या कामाची वाटते.


पिशवीवाला_चिमूर

ताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

सगळ्यात सोपी उलटी वाट म्हणजे खऱ्या तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन काढून रिकामी पेशी घ्यायची आणि तिच्यात हवं ते भरून परत बंद करायची. ते बरंच जुनं तंत्र आहे, जाळी आयती मिळते. शून्यापासून करणारे मात्र बहुतेक ॲक्टिनकडेच वळतात, कारण त्याचं शास्त्र जास्त माहीत आहे. पडद्याला आतून ॲक्टिनचा पातळ थर चिकटवला की पिशवी दाबाला जास्त टिकते.

बाकी सिकलसेलच्या दोरांत आणि ॲक्टिनमध्ये एक साम्य आहे. दोन्हीकडे सुरुवातीचे चार-दोन कण एकत्र यायला वेळ लागतो, मग वाढ झपाट्याने. हिमोग्लोबिनच्या बाबतीत हा सुरुवातीचा थांबा त्याच्या संहतीवर, म्हणजे दाटपणावर, भयंकर अवलंबून असतो. पेशीतलं पाणी जरा कमी झालं की थांबा एकदम आखूड होतो.


लॅबवाली_आरमोरी

म्हणूनच डॉक्टर या पेशंटना उन्हाळ्यात पाणी पीत राहा म्हणून कानीकपाळी ओरडतात. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून असतात, पाणी प्यायला बांधावर येत नाहीत, आणि मग संध्याकाळी हातपाय धरून येतात. थांबा आखूड होतो हे त्यांना सांगता येईल असं काहीतरी शोधते.


कृषीकेंद्र_पुसद

मले एक सांगा. पोरगा बीएस्सी ॲग्री हाय, तो म्हणे बाबा तुमी वीस वर्षांपासून ट्यूब्युलिनचंच दुकान चालवून रायले. मी म्हनलं काहून बे? तं म्हणे पेंडीमिथॅलीन. खरं काय?


पिशवीवाला_चिमूर

पोरगा हुशार आहे, बापा. पेंडीमिथॅलीन हे तणनाशक वनस्पतींच्या ट्यूब्युलिनला चिकटतं. नळ्या जुळत नाहीत, गवताच्या कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशी नीट दुभंगत नाहीत. म्हणून ते उगवणीपूर्वी मारावं लागतं. मोठ्या झालेल्या गवतावर काय उपयोग.


कृषीकेंद्र_पुसद

आता समजलं! फवारलेल्या वावरात गवत उपटून पाह्यलं तं मुळाची टोकं सुजून गोल झालेली दिसते. मी समजो का जमिनीतच काही दोष हाय.


दर्यापूरचे_मास्तर

तुमच्या दुकानात आणखी एक आहे, कार्बेन्डाझिम. ते बुरशीच्या बीटा ट्यूब्युलिनवर बसतं. आणि शाळेत जंतनाशक दिनाला आम्ही पोरांना चघळायला लावतो ती अल्बेंडाझोलची गोळी त्याच कुळातली, ती जंताच्या ट्यूब्युलिनवर. बुरशीत त्या प्रथिनाच्या १९८ किंवा २०० क्रमांकाच्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की औषध बसत नाही. एकच बुरशीनाशक दर हंगामात मारू नका म्हणतात ते यासाठी. हे गिऱ्हाइकाला सांगा. खपावर परिणाम होईल, तरी सांगा.


कृषीकेंद्र_पुसद

सांगतो ना जी. पन गिऱ्हाईक म्हणते 'तेच द्या जे मांगच्या साली देल्लं'.


जुना_संशयी

धागा फवारणीवर गेला म्हणून परत आणतो. मध्यंतरी डीएनएपासून सांगाडा केल्याचं वाचलं. डीएनएचा संदेश न वापरता त्याच्या नुसत्या काठ्या? हे पटत नाही.


पिशवीवाला_चिमूर

मला सुरुवातीला तसंच वाटायचं. २०२२ मध्ये हायडेलबर्गच्या केर्स्टिन ग्योप्फ्रिख यांच्या गटाने डीएनएच्या नळ्या पिशवीत घातल्या. त्या जुळवता आणि सोडवता येतात, आणि त्यांच्यावरून छोट्या पुटिका (बारीक पिशव्या) सरकवता येतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रोनित फ्रीमन यांच्या गटाने पेप्टाइड (प्रथिनासारख्या छोट्या साखळ्या) आणि डीएनए जोडून तंतू केले. त्यात डीएनए जनुक म्हणून नाही, तंतू एकमेकांना बांधायला वापरलाय. ते ५० अंश सेल्सियसला टिकतात.

फायदा असा की डीएनएची कोणती टोकं जुळतील ते आपण आधी लिहून ठरवू शकतो. ॲक्टिनशी असं बोलता येत नाही; त्याच्या सवयी कोट्यवधी वर्षांच्या आहेत.

तोटाही मोठा. ॲक्टिन-ट्यूब्युलिन इंधन जाळत सतत जुळतात-मोडतात. डीएनएच्या काठ्यांना मोडायला बहुतेकदा बाहेरून काहीतरी घालावं लागतं. मास्तरांची कसोटी लावली तर त्या अजून काठावर पास.


ब्रह्मपुरीकर

५० अंश? मग आमच्या मे महिन्यात चालेल. माणसांसाठीही काही बघा.


दर्यापूरचे_मास्तर

कसोटीचं मी जरा सैल करतो. मोडण्यासाठी बाहेरून काही घालावं लागलं तरी चालेल, पण इंधन तरी आतलं हवं. बाहेरून एटीपी भरलेली पिशवी किती वेळ चालणार?


पिशवीवाला_चिमूर

मिनिटं ते काही तास, किती भरलंय आणि किनेसिनसारख्या किती मोटर आहेत त्यावर. यावरही काम झालंय. २०१८ मध्ये कोरिया आणि हार्वर्डच्या लोकांनी प्रकाशावर एटीपी बनवणारा छोटा भाग पिशवीत ठेवला. लाल प्रकाशात एटीपी तयार होतं, हिरव्या प्रकाशाने ते रोखता येतं, आणि तयार झालेल्या एटीपीवर आतलं ॲक्टिन जुळतं. म्हणजे उभारणीचं इंधन आतून आलं. मोडणीसाठी कोफिलिनसारखी प्रथिनं वेगळी लागतात. ती घालून १९९९ मध्येच लुआझेल, कार्लिए वगैरेंनी ॲक्टिनच्या जोरावर जिवाणू पळवून दाखवले, पण पिशवीबाहेर, उघड्या द्रवात. उभारणी, मोडणी, इंधन आणि स्वतःचं जनुक हे चारही एका पडद्यात बराच काळ एकत्र नांदवणं, अडलंय ते तिथे. एकाला लागणारं मीठ दुसऱ्याला चालत नाही, इतकी साधी कारणंसुद्धा असतात.


जुना_संशयी

हे पटलं. बातम्यांत असं लिहीत नाहीत.


कपाशी_कळंब

मास्तर, पोरीले हे पिशवीचं पाहाचं हाय. गावात काही करता येते का?


दर्यापूरचे_मास्तर

सांगाड्याचं नाही, पण पडद्याचं येतं. सोयाबीनचं लेसिथिन बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. आपलंच पीक, फक्त तेल काढताना वेगळं निघालेलं. किंचित लेसिथिन काचपट्टीवर पातळ पसरायचं, सुकू द्यायचं, कडेने पाण्याचा थेंब सोडायचा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कडेपासून पाण्यात वळवळत्या नळ्या वाढताना दिसतात, काही सुटून गोलही होतात. त्या एकपदरी नसतात, कांद्यासारखे पुष्कळ पडदे असतात, हे तिला आधीच सांगा. पाणी साधं घ्या, बोअरचं नको; आमच्या खारपाणपट्ट्यातलं तर अजिबात नको.


कपाशी_कळंब

लेसिथिन वर्ध्याले भेटन काय? बुधवारी जाणं हाय.


पिशवीवाला_चिमूर

भेटेल. पावडर मिळाली तर तीच आणा, पातळ चिकट येतं त्यात तेल फार असतं.